सिरॅमिक कोटिंग: बाटली सगळ्यात शेवटी उघडायची

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातींमध्ये एक हुकमी खेळ असतो. गाडीच्या बॉनेटवर लायटरची ज्योत धरायची, मग फडक्याने पुसून दाखवायचं की बघा, काही झालं नाही! पण तीच ज्योत दोन-चार सेकंद साध्या रंगावर धरली तरी बहुधा काही होत नाही. खालचा पत्रा उष्णता ओढून घेतो. त्यापेक्षा मार्करने रेघ मारून ती पुसून दाखवतात तो प्रयोग प्रामाणिक आहे. कोटिंगवर काही चिकटून राहायला तयार नसतं, आणि कोटिंगचं खरं काम तेच.

पहिल्यांदाच हे घरी करून बघू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख. तयारीला किमान एक अख्खा दिवस लागतो, कधी दीड. कोटिंग लावायला तीन-चार तास. बहुतेकांची चूक अशी होते की सगळा विचार बाटलीचा करतात आणि तयारी उरकून टाकतात. कोटिंग पारदर्शक असतं. खाली जे असेल, ओरखडे, डाग, पाण्याची वर्तुळं, ते सगळं त्याच्याखाली तसंच राहणार, आणि चकाकीमुळे कदाचित आणखी उठून दिसणार.

हे नेमकं असतं काय

बाटलीत सिलिकॉनच्या संयुगांचं राळेसारखं द्रावण असतं. पातळ थर दिला की त्यातला द्रावक उडून जातो, उरलेले रेणू हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने एकमेकांत गुंफतात आणि गाडीच्या रंगावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराला, घट्ट धरतात. मेण रंगावर नुसतं बसतं आणि शाम्पूच्या धुण्यांबरोबर हळूहळू निघून जातं. कोटिंग एकदा पक्कं झालं की पाणी, शाम्पू किंवा पेट्रोलने निघत नाही. घासूनच काढावं लागतं. म्हणूनच लावताना झालेली चूकही घासूनच काढावी लागते, हे आत्ताच लक्षात ठेवा.

थर किती जाड? साधारण एक-दोन मायक्रॉन. तुलनेला सांगायचं तर कारखान्यातून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉन असतो, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. आता एवढ्या थराने दगडाचा मार अडेल का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

बाटलीवरचं ‘९एच’ वाचून अनेकांची फसगत होते. हा आकडा पेन्सिल-कठीणता चाचणीचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीपर्यंत ओरखडा उठत नाही ते बघतात. नेहमीच्या संचात ९एच ही सगळ्यात कडक पेन्सिल. खनिजांच्या मोह्ज मोजपट्टीवर हिरा १० असतो, म्हणून ९एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, असा समज करून देणारे विक्रेते भेटतात. दोन्ही मोजपट्ट्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

मग मिळतं काय? पाणी आणि चिखल धरून राहत नाही, त्यामुळे धुणं सोपं होतं. पक्ष्यांची विष्ठा, किडे, झाडाचा चीक, रस्त्यावरचं डांबर यांना रंगापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणजे तुम्हाला पुसायला सवड मिळते. रंगाला खोली आल्यासारखी दिसते. धुताना पडणारे अगदी बारीक ओरखडे थोडे कमी होतात. बस. किल्लीचा ओरखडा, दगडाची टिकली, गारांचे पोचे यांच्यावर याचा इलाज नाही.

एक उलटी गोष्टही घडते. पाण्याचे डाग कोटिंगमुळे कमी होतील असं वाटतं, पण पाणी गोल थेंब होऊन उभं राहतं, आणि तो थेंब उन्हात आटला की पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम एका लहानशा वर्तुळात साचतं. क्षारयुक्त पाण्याने धुऊन गाडी तशीच वाळत ठेवणाऱ्याच्या कोटिंगवर हे पांढरे गोल हमखास येतात.

तुम्हाला हे हवंय का

दगडांच्या माऱ्याची चिंता असेल तर कोटिंग विसरा आणि पेंट प्रोटेक्शन फिल्मचा विचार करा. ती पॉलियुरेथेनची, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते, मार खरोखर झेलते आणि तितकीच महाग पडते. पुढचा बंपर आणि बॉनेटला फिल्म, बाकी गाडीला कोटिंग, असा मधला मार्गही बरेच जण निवडतात.

गाडी फिरत्या ब्रशांच्या यंत्रात धुऊन घेत असाल आणि ती सवय सोडायची तयारी नसेल, तर कोटिंगवर खर्च करू नका. ते ब्रश आधीच्या गाडीची माती तुमच्या गाडीवर घासतात. दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा तास काढू शकत असाल, तर फवारून पुसायचा सिलिका स्प्रे नवख्याला पुरेसा आहे. मी तर म्हणेन, आधी सहा महिने तोच वापरून बघा. गाडी नीट धुण्याची सवय त्यातच लागते, आणि ती सवय नसेल तर कुठलंच कोटिंग टिकत नाही.

बाटली निवडताना

दुकानात साधारण तीन प्रकार दिसतात. फवारायचे सिलिका स्प्रे काही महिने टिकतात. घरी लावायची कोटिंग्ज एक ते तीन वर्षांचा दावा करतात. आणि व्यावसायिकांसाठीची त्याहून जास्त वर्षांचा दावा करतात, पण ती झपाट्याने कडक होतात आणि चुकीला माफी देत नाहीत. नवख्याने मधला प्रकार घ्यावा आणि वर्षांच्या आकड्यापेक्षा सूचनापत्रक आधी वाचावं. लावल्यापासून पुसेपर्यंत किती सवड मिळते, किती तापमानात लावायचं, किती तास पाणी लागू द्यायचं नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असेल ती बाटली चांगली. ज्यावर नुसताच चमकत्या गाडीचा फोटो आणि ९एच असेल ती ठेवून द्या.

मध्यम आकाराच्या गाडीला ३० ते ५० मिलिलिटर पुरतं. बाटलीचं सील शाबूत हवं, कारण हे द्रावण हवेतल्या ओलाव्याने कडक होतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही. ‘ग्राफीन’ लिहिलेल्या बाटल्यांमध्येही पाया बहुतेक वेळा सिलिकॉनच्या त्याच राळेचा असतो, तेव्हा त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

गाडीचा रंगही तपासा. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर ताज्या रंगातून द्रावक बाहेर पडत असतो. किमान महिनाभर थांबा, आणि रंगवणाऱ्याला नेमकी मुदत विचारा. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, रंगाला पॉलिश अजिबात लावायचं नाही, नाहीतर तिथे चकचकीत डाग पडतो जो परत जात नाही. मॅटसाठी वेगळं कोटिंग मिळतं.

पहिला दिवस: धुणं आणि ओरबाडून न काढता स्वच्छ करणं

आधी चाकं. त्यांची बादली आणि ब्रश वेगळे ठेवा, ब्रेकची धूळ रंगावर जाता कामा नये. मग गाडीवर भरपूर पाणी मारा, जेवढी माती हात न लावता जाईल तेवढी जाऊ द्या. त्यानंतर दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळून माती सोडायची, मगच पुन्हा शाम्पूत. वरून खाली या. सगळ्यात घाण भाग दारांच्या खालचा असतो, तो शेवटी. या एका धुण्यासाठी मेण असलेला शाम्पू वापरू नका.

गाडी ओली असतानाच लोहकण विरघळवणारा स्प्रे मारा. ब्रेकमधून उडालेले गरम लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुतून बसलेले असतात. स्प्रे त्यांच्यावर पडला की जांभळे ओघळ येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला गाडीलाच काही झालं की काय असं वाटतं. वास मात्र सडक्या अंड्यांच्या जवळपास जाणारा असतो, नाकाला तयार ठेवा. पत्रा थंड आणि गाडी सावलीत हवी, चार-पाच मिनिटांत धुऊन टाकायचं, वाळू द्यायचं नाही. डांबराचे ठिपके असतील तर त्यांच्यासाठीचं वेगळं द्रव फडक्यावर घेऊन टेकवून ठेवा, विरघळू द्या, मग उचला.

आता एक चाचणी. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवा आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. जो रंग उघड्या हाताला गुळगुळीत लागतो तोच पिशवीतून रवाळ लागतो. ही रव्यासारखी खरखर क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ, चिकट वडीने काढायची. क्लेचा लहान तुकडा चपटा करा, रंगावर निसरडं द्रव भरपूर फवारा आणि जवळजवळ दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला क्ले अडखळते, आवाज करते, मग सरकू लागते. तो बदल हाताला कळतो. मळलेली बाजू आत दुमडत राहा. क्ले जमिनीवर पडली तर ती टाकूनच द्या. तिला चिकटलेला एक खडा सगळी मेहनत वाया घालवतो.

नवी कोरी गाडीही यातून सुटत नाही. कारखान्यापासून शोरूमपर्यंतच्या प्रवासात आणि उघड्या मैदानातल्या मुक्कामात तिच्यावर बरंच काही साचलेलं असतं. शिवाय शोरूममध्ये घाईने पुसताना पडलेले ओरखडे असतात ते वेगळेच.

पॉलिश: इथे घाई नको

गाडी वाळवा, सावलीत घ्या आणि मोबाइलचा दिवा किंवा तपासणीची टॉर्च रंगावर तिरपी धरा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसली तर ते स्वर्ल मार्क. हे बारीक ओरखडे क्लिअर कोटमध्ये असतात, आणि ते घालवायचे म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट तेवढा खाली आणायचा. क्लिअर कोट परत उगवत नाही, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला तोच वाचवतो. त्यामुळे सगळे ओरखडे गेलेच पाहिजेत हा हट्ट नको. नखाला लागणारा खोल ओरखडा तर सोडूनच द्या.

नवख्याने ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्यावा. त्याची चकती फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी मशीन शिकलेल्या हातात जादू करतं, नवख्याच्या हातात कडेचा रंग जाळतं. आधी बॉनेटवर साधारण ५० सेंटिमीटरचा एक चौकोन घ्या आणि त्यावर सगळ्यात सौम्य जोडी, म्हणजे मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश, करून बघा. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके पुरतात. मशीन सावकाश सरकवायचं, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. चार-सहा फेऱ्यांनंतर पुसून टॉर्चखाली बघा. समाधान झालं तर सगळ्या गाडीला हेच. नाहीतर एक पायरी कडक पॅड, आणि तेही पुरलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश.

पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबरही झाका, पॉलिशचा पांढरा डाग त्यांवर चिवटपणे बसतो. पॅडवर गाडीचाच रंग येऊ लागला तर थांबा. एकतर गाडीला क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग आहे, किंवा तुम्ही क्लिअर कोट ओलांडलाय.

मशीन नसेल, नवी गाडी असेल, ओरखडे किरकोळ असतील तर ही पायरी हाताने, बारीक पॉलिशने केली तरी चालते. पूर्ण टाळणंही चालतं, फक्त जे खाली आहे ते पुढची काही वर्षं तसंच दिसणार हे मान्य करून.

शेवटी पॉलिशमधलं तेल काढायचं. हे तेल बारीक ओरखडे भरून लपवतं आणि कोटिंगला रंग धरू देत नाही. त्यासाठी पॅनेल वाइप म्हणून मिळणारं द्रव किंवा पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. एका स्वच्छ मायक्रोफायबरने लावा, दुसऱ्याने कोरडं करा. तेल निघाल्यावर काही ओरखडे परत ‘उगवतील’. ते आधीपासूनच तिथे होते.

आता बाटली

जागा बंदिस्त, धूळ नसलेली, पण वारा खेळता हवा. तापमान साधारण १० ते ३० अंशांच्या मध्ये. पत्र्याला हात लावला तर थंड लागला पाहिजे. थेट ऊन नको, दमट दिवस नको. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि जागा लहान असेल तर सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क. धुळीचा साधा मास्क इथे कामाचा नाही. घड्याळ, अंगठी काढा. पट्ट्याचं बक्कल गाडीकडे येणार नाही असं बघा.

प्रकाशाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण मी तिथेच आपटलो होतो. पहिल्या गाडीच्या वेळी रात्री छताच्या एकाच ट्यूबलाइटखाली काम केलं. बॉनेट आरशासारखं दिसत होतं, खूश होऊन झोपलो. सकाळी गाडी बाहेर काढली तर बॉनेटवर तेलाच्या तवंगासारखे सप्तरंगी पट्टे! जिथे जिथे फडकं अर्धवट फिरलं होतं तिथे कोटिंग जाड राहून कडक झालं होतं. त्याला हाय स्पॉट म्हणतात. अख्खं बॉनेट पुन्हा पॉलिश करावं लागलं. तेव्हापासून हातातली टॉर्च तिरपी धरून प्रत्येक चौकोन दोन बाजूंनी बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

लावायची पद्धत अशी. फोमच्या ठोकळ्याला सुएडचा, म्हणजे मऊ मखमली कापडाचा, छोटा तुकडा गुंडाळा. त्यावर पहिल्यांदा आठ-दहा थेंब एका रेषेत टाका, म्हणजे कापड भिजेल. पुढच्या प्रत्येक वेळी चार-पाच पुरतात. बाटलीला लगेच झाकण लावा. एका वेळी ५० सेंटिमीटर लांब-रुंद एवढाच भाग घ्या. आधी आडवे पट्टे, मग त्यावर उभे, म्हणजे एकही जागा सुटत नाही. जोर देऊ नका, थर पातळ आणि सगळीकडे सारखा हवा.

मग थांबायचं आणि बघायचं. पृष्ठभागावर बारीक घाम आल्यासारखे थेंब जमतात किंवा इंद्रधनुषी झाक येते. याला फ्लॅश होणं म्हणतात. कुठे ३० सेकंद, कुठे दोन-तीन मिनिटं, बाटलीवर लिहिलेलं असतं. उकाड्यात हा वेळ आक्रसतो. फार लवकर पुसलं तर कोटिंगच पुसून जातं, फार उशीर केला तर फडकं अडखळू लागतं. म्हणून पहिला चौकोन मागच्या दाराच्या खालच्या भागात करा. त्या दिवसाच्या हवेत तुमची बाटली कशी वागते ते तिथे कळतं, आणि चुकलंच तर कोणाच्या नजरेत येत नाही.

पुसायला आखूड लवेची मायक्रोफायबर फडकी दोन. पहिल्याने हलक्या हाताने जास्तीचं उचला, दुसऱ्याने सपाट करा. टॉर्च धरा, बघा, मग शेजारचा चौकोन, आधीच्यावर थोडा चढवून. छत मोठं असतं, अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. प्रत्येक एक-दोन पॅनेलनंतर सुएडचा तुकडा बदला. त्यातलं कोटिंग काचेसारखं कडक होऊन ओरखडे पाडू लागतं.

हाय स्पॉट तासाभरात दिसला तर त्यावर एक-दोन थेंब ताजं कोटिंग लावा. वरचा थर खालच्याला मऊ करतो, लगेच पुसा. दुसऱ्या दिवशी दिसला तर पॉलिशच करावं लागतं, आणि तेवढ्या जागेवर पुन्हा कोटिंग. दुसरा पूर्ण थर द्यायचा की नाही हे बाटलीवर बघा. त्याचा मुख्य फायदा सुटलेल्या जागा भरण्याचा असतो.

वापरलेली फडकी आणि सुएड धुऊन परत वापरायला जाऊ नका, त्यात कडक कण तयार होतात. द्रावकाने भिजलेली फडकी गोळा करून बंद डब्यातही कोंबू नका. उघड्यावर, आगीपासून दूर पसरून वाळवा आणि मग टाका.

पहिला आठवडा आणि पुढे

पहिले २४ तास गाडीला पाणी लागू द्यायचं नाही, अगदी दवसुद्धा. चार थेंब पडलेच तर मऊ फडकं टेकवून टिपून घ्या, घासू नका. पहिले सात दिवस शाम्पू नाही. या काळात पक्ष्याने कार्यभाग साधलाच तर ओलं फडकं त्यावर दोन मिनिटं ठेवा आणि मऊ झाल्यावर उचला.

नंतर दर आठ-पंधरा दिवसांनी पीएच-न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा) शाम्पूने, दोन बादल्यांनी धुवा आणि सावलीत लगेच कोरडी करा. पाण्याचे डाग पडले तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून थंड पत्र्यावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. दर तीन-चार महिन्यांनी सिलिका स्प्रेचा हात फिरवलात तर मूळ कोटिंगची झीज कमी होते.

आणि एक दिवस पाण्याचे थेंब गोल उभे राहायचे बंद होतील, पाणी चादरीसारखं पसरून बसेल. लगेच ‘कोटिंग संपलं’ म्हणून नवी बाटली आणू नका. बहुतेक वेळा त्याच्यावर रस्त्याची काजळी आणि क्षारांचा पातळ थर साचलेला असतो. बॉनेटचा अर्धा भाग नीट धुवा, लोहकणांचा स्प्रे मारा, व्हिनेगरचं पाणी फिरवा, धुऊन वाळवा. मग पूर्ण बॉनेटवर पाणी शिंपडून दोन्ही अर्धांची तुलना करा. साफ केलेल्या बाजूला थेंब पुन्हा गोल होऊन पळाले तर कोटिंग जिवंत आहे, उरलेल्या गाडीलाही तेच करा. दोन्हीकडे पाणी सारखंच पसरलं, तर सौम्य पॉलिशने राहिलेलं काढा, पॅनेल वाइप मारा आणि सुएडचा नवा तुकडा कापायला घ्या.